दृढीकरणानंतर पुढे काय? साध्या मंडळीतील शिष्यत्वाविषयी

घाटमाथा (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, तालुक्याच्या गावातली आणि मध्यम आकाराची आहे. येत्या वर्षासाठी आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, एक प्रस्ताव आला आहे आणि त्यावर मत देण्याआधी इतर मंडळ्यांतील बंधुभगिनींचा अनुभव समजून घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. प्रस्ताव तरुण संघाचा आहे. शिष्यत्वाचा अभ्यासक्रम म्हणून तयार मिळणारी, इंग्रजीवरून मराठीत आणलेली एक पुस्तिका घ्यावी, दर शनिवारी वर्ग भरवावा आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. कमिटीतील ज्येष्ठांना ही कल्पना मुळीच पसंत नाही. रविवारचा उपदेश, प्रभुभोजन आणि घरची संध्याकाळची प्रार्थना एवढ्यावर आपल्या तीन पिढ्या वाढल्या, मग आता वेगळे काय हवे, असा त्यांचा सवाल आहे.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आमच्याकडे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठे झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, आधी मुलांचा वर्ग मनापासून घेतला जातो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार, दोन्ही संस्कारांचा अर्थ, हे सारे पाळकसाहेब काही महिने शिकवतात, पाठांतर घेतात आणि मग बिशपसाहेब येऊन मुलांच्या मस्तकावर हात ठेवतात. त्या दिवशी नवे कपडे असतात, फोटो असतात, घरोघरी जेवण असते. त्यानंतरच्या रविवारपासून त्या मुलाला त्याच्या विश्वासाविषयी कोणीही, काहीही विचारत नाही. पुढे त्याला नोकरी लागते किंवा लागत नाही, लग्न होते, कर्ज होते, आईवडील अंथरुणाला खिळतात, दारूची सवय लागते आणि सुटते किंवा सुटत नाही, आणि या सगळ्याला तो वयाच्या पंधराव्या वर्षी मिळालेल्या शिदोरीवर तोंड देत राहतो. उपदेश तो ऐकतो, पण ऐकल्यावर त्याचे काय झाले याची चौकशी करण्याची जागा मंडळीत कोठेच नाही.

प्रभूने शिष्यांना बाप्तिस्मा देण्यास सांगितले, त्याच वाक्यात जे काही आज्ञापिले ते पाळावयास शिकवा असेही सांगितले. आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचे रजिस्टर आहे, दृढीकरणाचे आहे, विवाहाचे आणि दफनाचेही आहे. पाळावयास शिकवण्याची नोंद ठेवता येणार नाही हे मला मान्य आहे, पण ते कोणाचे काम आहे हेसुद्धा ठरलेले नाही, ही माझी अडचण आहे. म्हणून पुस्तिका कोणती घ्यावी यापेक्षा कोणी कोणाला विचारावे, काय विचारावे आणि विचारपूस कोठे थांबवावी, यावर आपण बोललो तर मला उपयोग होईल. केवळ वचनांची यादी देणारे प्रतिसाद कृपया टाळावेत, कारण ती वचने कमिटीत सर्वांना पाठ आहेत.

महिला संघाची सेक्रेटरी

धाग्याबद्दल आभार, परंतु मंडळीत विचारण्याची जागा नाही हे विधान मंडळीच्या अर्ध्या भागाकडे पाहूनच केलेले दिसते. आमचा महिला संघ दर आठवड्याला कोणा ना कोणाच्या घरी जमतो. ‘उपासना संगीत’मधील एक-दोन गीते होतात, शास्त्रभाग आळीपाळीने एकेक वचन करून वाचला जातो, एखादी भगिनी त्यावर थोडे बोलते आणि मग प्रार्थनेचे विषय घेतले जातात. खरे काम तेथे सुरू होते. एखादीने मुलाच्या व्यसनाचा विषय दिला की पुढच्या आठवड्यात तिला त्याविषयी विचारले जातेच, आणि ती आली नाही तर दोघी तिच्या घरी जातात. लग्न होऊन आलेली सून पहिल्या वर्षी मान खाली घालून बसलेली असते, दुसऱ्या वर्षी वचन वाचते आणि एके दिवशी मोठ्याने प्रार्थना करते. तिला हे कोणत्याही पुस्तिकेने शिकवलेले नसते. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौलाने त्याच्या आजीमध्ये आणि आईमध्ये पाहिले, लोईस आणि युनीके अशी त्यांची नावेही लिहून ठेवली. आमच्या कमिटीच्या इतिवृत्तात मात्र महिला संघाचा उल्लेख नाताळचा फराळ आणि कापणीच्या सणाचा लिलाव या दोनच बाबींपुरता सापडतो.

आमच्यातही दोष आहेत. मध्यंतरी घरगुती सभेत खाण्याचे पदार्थ वाढत गेले आणि ज्यांना ते परवडत नव्हते त्या भगिनी सभेला घर देईनाशा झाल्या. तेव्हा आम्ही चहाशिवाय काहीही ठेवायचे नाही असा कडक नियम केला. नियम मोडणाऱ्या भगिनीला पुढच्या सभेत गीत सांगण्याचा मान मिळत नाही. हसू येईल, पण हा नियम टिकला आणि बंद झालेली घरे पुन्हा उघडली.

वेस्लीचा नातू

मी मेथॉडिस्ट आहे, म्हणजे १९७० साली नागपूरला ज्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले त्याच्या बाहेर राहिलेल्यांपैकी. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या घराण्यात पूर्वी होते आणि आम्हीच ते गमावले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१७४२ साली ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवले. गरिबांना ते जमणार नाही अशी हरकत कोणीतरी घेतली, तेव्हा तो म्हणाला की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्यांच्याजवळ नसेल त्यांचे मी भरीन. अशा रीतीने सुमारे बारा-बारा जणांचे गट पडले. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या या मंडळींना लोकांचे खरे जीवन दिसू लागले. कोणी दारूत बुडालेला होता, कोणाच्या घरी भांडण पेटलेले होते, कोणी आजारी असून कोणाला ठाऊक नव्हते. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या लक्षात आले की आपण ज्याच्या शोधात होतो ती व्यवस्था ही आहे. पुढे घरोघर जाण्याऐवजी गट आठवड्यातून एकदा एकत्र येऊ लागला, गटप्रमुख प्रत्येकाला त्याच्या आत्म्याची स्थिती विचारू लागला आणि क्लास-मीटिंग म्हणून ही पद्धत जगभर गेली. १८७१ च्या अखेरीस मेथॉडिस्ट मिशनरी विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हा त्यांनीसुद्धा चर्चची इमारत उभी करण्याच्या फार आधी लोकांच्या घरांतून असे वर्ग चालू केले. ते मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये होते, ही गोष्ट वेगळी.

ही पद्धत नंतर का मेली, हेही सांगितले पाहिजे. सभासदत्वासाठी दर तिमाहीला तिकीट मिळे आणि ते उपस्थितीवर अवलंबून असे. हळूहळू तिकिटासाठी येणे सुरू झाले, तीच साक्ष त्याच शब्दांत सांगितली जाऊ लागली आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी केवळ सांगाडा उरला. तरुण संघाच्या प्रमाणपत्राविषयी मला भीती वाटते ती यामुळेच.

आता माझी सूचना. आपल्या बहुतेक मंडळ्यांत मासिक वर्गणी गोळा करायला आजही कोणीतरी घरोघर जाते. ती व्यक्ती दारात उभी राहते, पावती फाडते आणि निघते. तिने आत येऊन दहा मिनिटे बसावे, घरच्यांची चौकशी करावी, एक प्रार्थना करावी. नवी यंत्रणा उभी करण्याची गरज नाही, असलेलीच वापरावी.

चार मंडळ्यांचा पाळक

वेस्लीचे नातू यांनी इतिहास चांगला मांडला आहे, पण सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्याच्या हातात वर्गणीचे पुस्तक आहे त्याच्याजवळ कोणीही मन मोकळे करणार नाही, आणि करूही नये. लहान गावात वर्गणी गोळा करणारा हा कोणाचा तरी चुलता असतो, कोणाचा तरी व्याही असतो. एखाद्या घरातील दुःख त्याला सायंकाळी कळले तर सकाळी ते पाणवठ्यावर पोहोचलेले असते. अशाने तुटलेली कुटुंबे मी पाहिली आहेत आणि ती पुन्हा चर्चमध्ये आणण्यात माझी वर्षे गेली आहेत.

पाळकाने हे काम का करू नये, असे कोणी विचारील, म्हणून माझा आठवडा सांगतो. माझ्याकडे चार गावांच्या मंडळ्या आहेत. आजारी, मयत, विवाहाच्या नोटिसा, दाखले, डायोसिसच्या सभा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील खेपा यांत दिवस संपतो. त्यात काही वर्षांनी बदली होते. एखाद्या माणसाचा विश्वास बसेपर्यंत माझे सामान बांधायची वेळ आलेली असते. मी हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. दीर्घ काळची सोबत ही बदली न होणाऱ्या माणसांकडूनच घडणार, एवढेच मला म्हणायचे आहे.

ज्येष्ठांची बाजूही इतकी टाकाऊ नाही. उपासनावर्ष हाच एक शिक्षक आहे, मात्र त्याला काम करू दिले पाहिजे. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन या वेळेत प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोलण्यासाठी बहुतेक ठिकाणी ठरावीक वक्ते असतात, आणि चांगले बोलणारे दरवर्षी तेच बोलतात. माझ्या मंडळ्यांत मी ही प्रथा बदलली. लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होण्यापूर्वी सात सामान्य सभासद निवडतो. त्यांत रिक्षा चालवणारे असतात, अंगणवाडीत काम करणाऱ्या असतात, कधी नुकतेच दृढीकरण झालेले मूलही असते. प्रत्येकाला एक उद्गार देतो आणि राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, त्या सात जणांबरोबर दर आठवड्याला बसतो. तू हे वाक्य केव्हा जगला आहेस, हा एकच प्रश्न मी त्यांना विचारतो. ‘मला तहान लागली आहे’ या उद्गारावर बांधकामावर विटा वाहणाऱ्या एका भगिनीने जे सांगितले ते कोणत्याही सेमिनरीत शिकवता येणार नाही. ईस्टरनंतरही ही सात माणसे एकमेकांना सोडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यांना मी गट असे नाव दिलेले नाही. नाव दिले की अध्यक्ष आणि खजिनदार निवडण्याची घाई सुरू होते.

वसईकर

मी कॅथलिक आहे, तरी येथे लिहिण्याची परवानगी घेतो. मुंबईच्या महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मंडळीची, विभागणी लहान ख्रिस्ती समूहांत करण्याचा प्रयत्न सुरू झाला. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यानंतर आमच्याकडेही तो चालू राहिला. शेजारची काही घरे एकत्र येतात आणि दक्षिण आफ्रिकेतील लुमको या संस्थेने घडवलेली सात पायऱ्यांची पद्धत वापरतात. प्रभूला आमंत्रण द्यायचे, उतारा वाचायचा, मनाला भिडलेला शब्द किंवा वाक्य प्रत्येकाने सावकाश उच्चारायचे, नंतर शांत बसायचे, मग आपल्या मनाला काय लागले ते सांगायचे, समूहाने करावयाच्या कामाविषयी बोलायचे आणि उत्स्फूर्त प्रार्थनेने संपवायचे.

पद्धत सोपी दिसते, पण तिचा कणा एका अटीत आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर कोणीही सल्ला द्यायचा नाही, दुरुस्ती करायची नाही आणि उपदेश करायचा नाही. ही अट पाळणे आपल्या लोकांना किती अवघड जाते, ते प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. एखाद्या भावाने झोप लागत नाही असे सांगितले की तिघे जण डॉक्टरचे नाव सांगतात आणि चौथा म्हणतो की तुझी प्रार्थना कमी पडते. आमच्या समूहाच्या प्रमुख भगिनी अशा वेळी काही न बोलता हात वर करतात आणि सगळे गप्प होतात. पाळकसाहेबांनी गुप्ततेचा जो मुद्दा मांडला तो आमच्याकडे काही अंशी सुटलेला आहे, कारण पापनिवेदन फादरांजवळ होते आणि त्याची गुप्तता अभंग असते. समूहात सर्व काही सांगण्याची कोणावर सक्ती नसते. तरीही आमचे बरेचसे समूह आज सणाच्या पताका लावणे आणि सहलीची वर्गणी जमवणे एवढ्यावर आले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळचा सभासद

मी पुण्यात माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतो. सकाळी आईवडिलांबरोबर जुन्या चर्चमध्ये जातो आणि काही वर्षे संध्याकाळी एका फेलोशिपमध्येही जात असे. जुन्या चर्चमध्ये मला कोणी काही विचारत नव्हते, हे धागाकर्त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. फेलोशिपमध्ये पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ बंधूने माझी जबाबदारी घेतली. रोज कोणता अध्याय वाचला, कोणत्या मोहाशी झगडत आहे, प्रार्थनेत किती वेळ दिला, असे तो प्रेमाने विचारत असे. मला त्याचा फायदा झाला, बायबल आरंभापासून शेवटपर्यंत मी त्या काळात पहिल्यांदा वाचले. मात्र हळूहळू प्रश्नांची कक्षा रुंदावली. नोकरी बदलण्याआधी त्याला विचारावे लागे, पगार किती आणि दशांश किती याचा हिशोब द्यावा लागे, आणि विवाहाचा विषय निघाला तेव्हा मुलीला भेटण्यास त्याने परवानगी दिली नाही म्हणून मी भेटू नये असे सुचवले गेले. मी तेथून निघालो.

असा प्रकार नवा नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल येथील पाच शिक्षकांभोवती अशीच चळवळ उभी राहिली होती. प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका मेंढपाळाच्या अधीन राहावे असे तेथे शिकवले जाई. त्यातून अनेकांच्या आयुष्याची वाताहत झाली आणि त्या पाचांपैकी एकाने पुढे जाहीर माफीही मागितली. म्हणून कमिटीला माझी विनंती आहे की कोणी कोणाला विचारावे हे ठरवताना, उत्तर न देण्याचा हक्क सभासदाला आहे, ही ओळ ठरावात लेखी असावी.

दुसरी बाजू

सर्वांचे लेखन वाचले. आमच्या मंडळीत दोन कमिट्या आहेत, दोन्ही स्वतःला खरी कमिटी म्हणवतात, मालमत्तेवरून खटला चालू आहे आणि प्रभुभोजनाच्या रविवारी दोन्ही गट वेगवेगळ्या बाकांवर बसतात. अशा ठिकाणी आत्मिक वाढीची चर्चा कोणी आणि कोणत्या तोंडाने करायची, ते सांगावे.

चार मंडळ्यांचा पाळक

दुसरी बाजू यांना माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. एका मंडळीत अशी स्थिती असताना मी शांतीचे अभिवादन, म्हणजे प्रभुभोजनाआधी एकमेकांचे हात हाती घेण्याचा भाग, वगळला होता. खोटे हस्तांदोलन करवून घेण्यापेक्षा ती रिकामी जागा सर्वांना टोचावी, असा माझा हेतू होता. दोन्ही गट माझ्यावर रागावले, पण दोन वयस्क भाऊ त्याच महिन्यात एकमेकांच्या घरी गेले. खटला मात्र मिटला नाही.

नगरची निवृत्त शिक्षिका

माझा जन्म अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे शिकवलेही. तरुण संघाच्या पुस्तिकेत इतक्या आठवड्यांत इतके धडे असे वेळापत्रक असणार, आणि या घाईबद्दलच मला दोन शब्द लिहायचे आहेत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली झाला. त्या विदुषी होत्या, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, शास्त्राचा अभ्यास त्यांच्याइतका करणारे त्या काळीही थोडेच होते. तरीही त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी आला. ही आठ वर्षे त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, टीका सोसली. या आठ वर्षांत एखाद्या वर्गाने त्यांना प्रमाणपत्र दिले असते तर ते चुकीचे ठरले असते, आणि नापास केले असते तर तेही चुकीचेच ठरले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट आणखी वेगळी आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर नव्हत्या, मनानेही नव्हत्या. नंतर त्या पतीकडे राहायला आल्या, पण सोवळे पाळून आणि स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला, स्वतःच सोडवला आणि एके दिवशी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय घेतला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. टिळक स्वभावाने उतावळे होते, तरी या बाबतीत त्यांनी पत्नीवर घाई लादली नाही, हे मला त्यांच्या साऱ्या अभंगांइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या शिष्यांना एकत्र घेण्याचा प्रयत्न केला, त्यामागे घरात पाहिलेली ही संथ वाढ असावी असे माझे मत आहे. दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

संध्याकाळचा सभासद यांना आलेला अनुभव वाचून वाईट वाटले. घाई करणारा मार्गदर्शक पुढे मालक बनतो, हे मी शाळेतही पाहिले आहे.

आणखी एक सुचवते. आमच्या लहानपणी अभंग आणि पदे चालीवर पाठ होत असत आणि ख्रिस्ती कीर्तनाला माणसे रात्री उशिरापर्यंत बसत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही तोंडी त्यामुळे शास्त्र होते. पुस्तिका घेतलीच तर ती ज्यांना वाचता येते त्यांच्यापुरतीच राहील, याचा विचार कमिटीने करावा.

बालाघाट

शिक्षिकाबाईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिण्याचे धाडस करतो. मी बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरच्या मंडळीत वचन वाचण्याचे काम करतो. आमची निम्म्याहून अधिक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि तो महिनोन् महिने फडातच असतो. आपण ज्याला उपासनावर्ष म्हणता त्याचा आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार आणि लेंट हा सगळा भाग आमच्या लोकांचा फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातो. पाळकसाहेबांची सात उद्गारांची कल्पना मला फार आवडली, पण आमच्याकडे त्या वेळी चर्चमध्ये म्हातारी माणसे आणि आजीजवळ ठेवलेली मुले एवढेच असतात. दृढीकरणाचा वर्ग त्याच काळात भरतो, म्हणून आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांचे दृढीकरण वर्षानुवर्षे लांबते.

वर्गणीविषयीही सांगतो. हंगामात वर्गणी थकते आणि वार्षिक सभेच्या यादीत ही माणसे थकबाकीदार म्हणून येतात, त्यामुळे त्यांना मतदान करता येत नाही. मग वर्गणी गोळा करणारा भाऊ दहा मिनिटे बसला काय आणि न बसला काय, तो दारात दिसताच बाई आत जाते. फॉय नावाच्या त्या कॅप्टनची गोष्ट वाचली तेव्हा माझ्या मनात आले की आपण त्याची पावती तेवढी उचलली आणि ‘ज्यांच्याजवळ नसेल त्यांचे मी भरीन’ हे सोडून दिले.

तरीही फडावर काहीच होत नाही असे समजू नये. आमच्या एका टोळीत एक मावशी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही, पण स्तोत्रे पाठ आहेत. दिवसभराची मोळ्या बांधण्याची कामे झाल्यावर त्या चुलीपाशी एखादे पद सुरू करतात आणि आजूबाजूच्या कोप्यांतील बाया येऊन बसतात, त्यांतल्या सगळ्याच ख्रिस्ती असतात असे नाही. नवऱ्याने मारल्याचे, मूल पडल्याचे, उचल फिटत नसल्याचे तेथे बोलले जाते. मावशी फारसे काही सांगत नाहीत; प्रार्थना करतात आणि दुसऱ्या दिवशी फडात त्या बाईच्या शेजारची सरी धरतात. पूर्वी मिशनच्या काळी बायबल शिकवत गावोगाव फिरणाऱ्या बाया असत, त्यांना पगार आणि मान दोन्ही होते. या मावशींना मंडळीने आजवर काहीही विचारलेले नाही आणि काही दिलेलेही नाही.

वेस्लीचा नातू

बालाघाट यांच्या प्रतिसादानंतर माझी सूचना होती त्या रूपात मी मागे घेतो. फॉयच्या हमीकडे मी इतिहासाचा तपशील म्हणून पाहिले होते. ती व्यवस्थेची पहिली अट होती. वर्गणीचे पुस्तक आणि भेटीची यादी एकाच हातात असू नये, हे पाळकसाहेबांचे म्हणणेही मला पटले.

घाटमाथा (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. कमिटीची सभा झाली. पुस्तिका तरुण संघाने स्वतःपुरती जरूर वापरावी, मात्र प्रमाणपत्र नसावे, असे ठरले. तरुणांना याचे थोडे वाईट वाटले आणि त्यांच्या उत्साहाची उपेक्षा झाली असे होऊ नये, म्हणून पुढच्या लेंटमध्ये सात उद्गारांपैकी तीन त्यांच्याकडे द्यावेत असे मी सुचवले आहे. पाळकसाहेब येथे आपल्या पद्धतीची अधिक माहिती देतील तर बरे होईल, विशेषतः जो माणूस बोलायला तयारच नसतो त्याच्याशी आपण आरंभ कसा करता, हे.

दुसरा ठराव भेटींचा आहे. दृढीकरण झालेल्या प्रत्येकासाठी मंडळीतील एक प्रौढ व्यक्ती नेमायची. ती नात्यातली नसावी, वर्गणीच्या कामातली नसावी आणि तिने निदान तीन वर्षे तरी त्या मुलाची विचारपूस करावी. पुरुषांना हे जमेल का, अशी शंका निघाली, तेव्हा महिला संघाने आरंभी आमच्या नेमलेल्या पुरुषांनाही आपल्या सभेत बसवून घेण्याचे मान्य केले, अर्थात चहाच्या नियमासह. उत्तर न देण्याचा हक्क लेखी घातला आहे. भेटीत ऐकलेली गोष्ट बाहेर गेली तर त्या व्यक्तीचे नाव यादीतून निघेल, हेही घातले आहे.

ज्यावर एकमत झाले नाही ती बाब थकबाकीची आहे. हंगामी मजुरांची वर्गणी मंडळीच्या निधीतून भरावी, हा माझा प्रस्ताव चार विरुद्ध पाच मतांनी फेटाळला गेला. इतरांनीही मग उद्या तेच मागितले तर काय, असे विचारण्यात आले. वार्षिक सभेत तो पुन्हा मांडणार आहे. बालाघाट, आमच्या तालुक्यातूनही काही कुटुंबे तोडीला जातात आणि त्यांच्या मुलांसाठी वर्ग उन्हाळ्यात घ्यावा असा विचार आहे. आपल्या अनुभवाने कोणता काळ सोयीचा ठरेल?

चार मंडळ्यांचा पाळक

न बोलणाऱ्या माणसाला मी पहिल्या बैठकीत बोलायला सांगतच नाही. त्याला उतारा वाचायला सांगतो, दुसऱ्या आठवड्यातही तोच उतारा वाचायला सांगतो. तिसऱ्या खेपेस तो बहुधा स्वतःच एखाद्या शब्दापाशी थांबतो, आणि न थांबला तर मी चौथ्यांदा वाचायला देतो. उत्तम शुक्रवारी एखादा फक्त वाचून खाली बसला तरी चालते. असे एकदा झाले आहे आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

बालाघाट

मे महिना धरा. पट्टा पडून आल्यावर पहिले काही दिवस लग्नकार्ये, दवाखाने आणि मुकादमाचा हिशोब यांत जातात, त्यामुळे लगेच बोलावू नका. पहिला पाऊस पडला की जे शेतावर जातात ते पुन्हा हाती लागत नाहीत. वर्ग सकाळी ठेवू नका, रात्री जेवणानंतर ठेवा, आणि चर्चमध्ये ठेवण्याऐवजी वस्तीवर ठेवा, म्हणजे मुलांबरोबर आयाही बसतील. शक्य असेल तर शिकवायला एक जण आणि पद सांगायला एक जण, असे दोघे पाठवा. मावशींना मी विचारून ठेवले आहे. त्या यायला तयार आहेत, फक्त एसटीचे भाडे मंडळीने द्यावे असे त्या म्हणाल्या.